माझ्या बांधीत उतरलेला लाल ट्रॅक्टर

माझा जन्म आमगावच्या तिकडचा, रेलगाडीची शिटी घरात आयकू येये एवढ्या जवळचं खेडं, आता तिथं माझं कोनी राहिलं नाई म्हनून नाव सांगून काय करू. बाप लवकर गेला. मले भाऊ नाई, एक होता तो पाळन्यातच गेला, मंग माय अन् मी. माय लोकाच्या बांधीत रोवना करे, तिच्या हातचं रोवलेलं धान रांगेत उभं राहे, लोक तिले मुद्दाम बलावत. माझं लगन झालं तवा इंग्रज जाऊन राहिले होते असं मानसं बोलत, मले त्यातलं काई समजे नाई, मले एवढंच ठाऊक की मोठ्या गाडीनं गोंदियाले आनलं, तिथून छोट्या गाडीनं सौंदडले उतरवलं, अन् मंग बंडीनं सडक अर्जुनीच्या आत आमच्या गावाले. तवा गोंदिया जिल्हा नोता, सारं भंडाऱ्यातच होतं.

सासरे म्हंजे आमचे मामाजी, जातीचे कोहळी, तलाव बांधनाऱ्याच्या घरचे. काय सांगू तुमाले, त्या मानसाच्या तोंडात पान्याशिवाय दुसरी गोठच नसे. दुसऱ्या गावाले पाहुने गेले तरी आधी तलावाच्या पारीवर, म्हंजे बांधावर, जाऊन उभे राहत, पार कुठं पाझरून राहिली ते पाहत, मंग पाहुनचार. नवऱ्याचं नाव मी घेत नाई. कमला माझी लेक, तं मी त्याईले कमलाचा बापच म्हने. ते वेगळे होते, त्याईले चाकाचा नाद, सायकल गावात पहिल्यांदा त्याईनंच आनली अन् पहिल्यांदा नहरात त्याईनंच पाडली.

मालगुजारी, म्हंजे जमीनदारी, गेली अन् मंग मालगुजारानं आपली तलावाखालची जमीन विकाले काढली. मामाजीनं ती घेतली. घरातलं सोनं गेलं त्यात, माझी गळ्यातली सरीही गेली, पन त्याचं मले काई वाटलं नाई, जमीन होतीच तशी चांगली. सारी पाटाच्या पान्यावरची. आमच्याकडे वावर म्हंजे मोठ्ठं सपाट रान नसते, धुरे, म्हंजे मातीचे बांध, घालून लहान लहान तुकडे केलेले असते, एक तुकडा म्हंजे एक बांधी, एका बांधीतून दुसरीत पानी उतरते. त्या घरची रीत अशी की नवीन जमिनीत पहिला पाय सुनेनं ठेवाचा, डोक्यावर पान्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन, अन् ज्या बांधीत ते पानी ओतलं ती बांधी सुनेची. कागदावर नाई, पन सारं गाव माने. तिच्यात जे पिकन ते तिचं, तिनं विकावं, वाटावं, कोनी इचाराचं नाई. मी सडकेच्या कडेची बांधी धरली, पहिलीच, कारन गुंड जड होता अन् मले पुढं चालवे ना. सारे हासले.

पन त्या बांधीनं माझं मोठं काम झालं. त्याच वर्षी माय धुऱ्यावरून पडली, कंबर मोडली, रोवना बंद झाला. आता तुमी म्हनान, घरी एवढं धान, मायले काऊन नाई पाठवलं. तसं नसे तवा. लेकीच्या सासरचं मायबाप खात नोते. पानीसुद्धा नाई पीत, लेकीच्या घरी आले तं विहिरीवर सोताच्या गडव्यानं पानी काढून पीत. आमची माय तं त्यात लगित कडक. पन बांधी माझी, धान माझं, ते तिनं घेतलं. पोरीच्या हाताचं आहे म्हने, जावयाचं नाई. दोन वर्ष ती त्या बांधीवर जगली. हे मले माहीत होतं, मायले माहीत होतं, अन् घरात साऱ्याइले माहीत होतं, पन बोले कोनी नाई.

मंग ट्रॅक्टरची गोठ निघाली. जमीन दुप्पट झाली, हेल्याच्या, म्हंजे रेड्याच्या, जोड्या तेवढ्याच. तुमाले माहीत असन, धानाच्या बांधीत आधी पानी भरून चिखल करा लागते, हेले फिरवून फिरवून, तो चिखल लोन्यासारखा झाला की रोवना. पानी सुटलं की साऱ्याचा चिखल एका वखती पाहिजे. त्या पहिल्या सालात निम्म्या बांध्याचा चिखल होईपर्यंत परे, म्हंजे धानाची रोपं, पिवळे पडले. कमलाचा बाप म्हने हेले घेऊन अन् चाकर ठेवून भागत नाई, ट्रॅक्टर घेऊ. मामाजी म्हने पाहू. पाहू म्हनले म्हंजे नकार नाई दिला.

गोंदियाले पाहाले गेले तवा मीही संग गेली, मले मायकडे जाचं होतं, गाडी संध्याकाळची होती. दुकान म्हंजे एक टिनाचं छत, धानाच्या गिरनीच्या बाजूले, अन् त्याच्याखाली दोन उभे. एक लाल, मोठ्ठा, मागची चाकं माझ्या डोक्याएवढी उंच, डिझलवर चालनारा. एक राखडी, राखेच्या रंगाचा, ठेंगना, वासरावानी, तो पेट्रोलवर चालू होये अन् मंग घासलेटवर चाले. कमलाचा बाप लालकडेच गेले, त्यावर बसले, उतरेच नाई. दुकानवाला हिंदीवाला होता, बडा किसान है तो बडी मशीन लो, म्हने, ये छोटावाला तो बगीचे के लिए है.

मामाजी मात्र बाजारात हेला घेतल्यावानी पाहाले लागले. आधी भोवती फिरले. मंग चाक अंगठ्यानं दाबलं. मंग इचारलं की हा खातो किती, तापतो कुठं. दुकानवाला सांगून राहिला, हसूही दाबून राहिला. मंग मामाजी म्हनले, याले चिखलात चालवून दाखवा. आमच्याकडे हेला घेताना असंच करत, कोरड्यात तं कोनताही हेला चालते, चिखलात पाय कसा टाकते ते पाहाचं असते. दुकानवाला म्हने, बाबाजी, ये भैंसा नहीं है. मामाजी म्हनले, मले दिसून राहिलं. गिरनीच्या मोरीचं पानी जिथं साचलं होतं तिथं त्यानं दोन्ही ट्रॅक्टर एक एक फेरी फिरवले, मामाजी उकिडवे बसले अन् चाकाच्या खुनेत आपली काठी उभी घालून पाह्यली, एकीत मंग दुसरीत. कमलाचा बाप लाजून दुसरीकडे पाहून राहिले. मी पदराआडून पाहून राहिली होती, मले मजा वाटली, खोटं कायले सांगू.

मी मायकडून परत आली तं घरात भांडन. भांडन म्हंजे काय, मामाजी बोलत नोते अन् कमलाचा बाप एकटेच बोलत होते. लाल एका दिवसात करते ते राखड्याले तीन दिवस लागतीन, लोक हासतीन, एवढी जमीन घेतली अन् खेळनं आनलं म्हनतीन. मामाजीनं शेवटी एकच गोठ सांगतली, ती मी दाराआडून आयकली. म्हनले, बांधीले वरून चिखल असते पन खाली तळ असते, तो तळ आपल्या बाप-आज्याच्या हेल्याईनं पाय देऊन देऊन घट्ट केला आहे, म्हनून पानी राहते, त्याच्याखाली मुरूम आहे, तळ फुटला तं पानी मुरमात जाते. ओढते किती ते मले नको सांगू. तळ राखते का ते सांग.

कमलाचा बाप म्हनले, मंग करूनच पाहू. दुकानवाल्याले विकाचं होतं, तो दोन्ही घेऊन याले तयार झाला. गावाले इचारून तलावाचं थोडं पानी सोडाचं ठरलं, जेठाचा महिना, पानी ढोरापुरतंच होतं, पन साऱ्या गावाले तमाशा पाहाचा होता म्हनून कोनी नाई म्हनलं नाई. राखडी पाटाच्या पलीकडे मामाजीच्या बांधीत. अन् लाल कुठं, तं तो रुंद, धुरे फोडल्याशिवाय आत जाये ना, त्याले सडकेच्या कडेचीच बांधी पाहिजे. कमलाचा बाप म्हनले, मंग देवकीच्या बांधीत उतरवू, म्हंजे माझ्या.

मले इचारलं नाई. मी भाकरी थापून राहिली होती. मले राग आला का म्हनान तं आधी भेव आलं. मामाजी बोलले ते मी आयकलं होतं, तळ फुटला तं एका सालात भरून येत नाई, अन् मायच्या घरी तं एका सालाचंही धान नोतं. सासऱ्याशी सून तवा समोर बोलत नसे. मी दाराआड उभी राहिली अन् तिथूनच म्हनलं, मामाजी, बांधी घ्या, पन तळ फुटला तं माझ्या मायचं धान घरच्या कोठीतून जाईन, बांधी पुन्हा पानी धरेपर्यंत. कमलाचा बाप म्हनले, हे काय बोलनं आहे. मामाजी म्हनले, बरोबर बोलली, जाईन. मले वाटलं झालं, आता काई भेव नाई. मायचा सोभाव मी तवा इसरली होती.

त्या दिवशी सडकेवर ट्रकवाले थांबून पाहत होते. राखडी आधी उतरला. तो कुरकुरला, दोनदा बंद पडला, एकदा त्याच्यात पानी गेलं म्हनून दुकानवाल्याच्या मेकॅनिकनं खोलून पुसला, लोक हासले, पन चिखल केला. हळू केला, बरा केला. मंग लाल उतरला माझ्या बांधीत. पहिली फेरी काय सुंदर मारली त्यानं, मी सोता म्हनते सुंदर, चिखल दोन्हीकडे उडून राहिला, लोक वा वा करून राहिले, कमलाच्या बापाची छाती पाहाची होती. दुसऱ्या फेरीले वळताना मागचं एक चाक बसलं. चालवनाऱ्यानं जोर दिला, ते चाक तिथंच फिरे अन् खाली जाये, जोर दिला का आनखी खाली. आधी काळा चिखल उडे, मंग पिवळा मुरूम उडाले लागला. मामाजीनं डोळे मिटले. गावातल्या हेल्याच्या साऱ्या जोड्या आनून त्याले साखळीनं ओढून काढला, तो निघताना बांधी नांगरून निघाला.

मामाजी म्हनले, आता दोन्ही बांध्या काठोकाठ भरा अन् उद्या पाहू. तलाव बांधनारा नवी पार अशीच पाहते, पानी भरते अन् झोपी जाते. सकाळी मी कोनाच्या आधी गेली. राखड्याच्या बांधीत पानी होतं तेवढंच होतं, त्यात बगळे. माझ्या बांधीत चिखल, अन् चाकाच्या गड्ड्यात थोडसं पानी, तेही जाऊन राहिलं होतं. कमलाचा बाप मागून येऊन उभे राहिले. त्याच दिवशी त्याईनं दुकानवाल्याले सांगतलं, राखडी घेतो. एवढं मी त्या मानसाचं सांगन, हट्टी होते पन डोळ्यानं पाह्यलेलं नाकारत नोते. दुकानवाला म्हने, लाल भर्रीच्या जमिनीले चांगला आहे, कोरड्या उंच जमिनीले, अन् ते खरंच होतं, पुढं तिकडे दुसऱ्या गावात एकानं तोच नेला अन् लगित वर्ष चालवला. आमची जमीन त्याची नोती.

मामाजीनं शब्द पाळला. कोठीतून पोतं भरलं, अन् कमलाचा बाप सोता घेऊन गेले, बांधी त्याईच्यानं गेली म्हनून. तिसऱ्या दिवशी पोतं घेऊनच परत आले. मले वाटलं माय गेली का काय. ते म्हनले, मायनं पोत्यावर हात ठेवला, दाने हातात घेतले, इचारलं, जावईबापू, हे कोनत्या बांधीचं. मी खरं सांगतलं, ते म्हनले, कोठीचं आहे. तिनं हात पुसला. म्हने, तुमच्या घरचा दाना माझ्या पोटात गेला तं मी पोरगी विकून खाल्ली असं होते, घेऊन जा बाप्पा, रागावू नका. सोताच्या हातानं पानी भरून पाजलं त्याईले. मी इचारलं, घरात काय होतं तिच्या. म्हनले, कनी होती थोडी, अन् मोहाची फुलं उकडलेली.

मले त्याईचा लगित राग आला. एक खोटं बोलले असते तं काय बिघडलं असतं, देवकीच्या बांधीचं आहे म्हनाचं होतं. ते म्हनले, तिनं डोळ्यात पाहून इचारलं, मी काय करू. मी दोन दिवस त्याईच्याशी बोलली नाई. अन् मंग रोवना आला.

राखडी चिखल करत पुढं जाये, घासलेटचा वास साऱ्या पाटात, अन् त्याच्यामागं रोवनाऱ्या बायाच्या रांगा, गावोगावच्या. त्याईले रोज संध्याकाळी मजुरीचं धान पायलीनं मोजून देत. पहिल्या दिवशी सकाळी मी लुगडं वर खोचलं अन् म्हनलं, मीही उतरते, बाकी बायाइसारखी, मजुरीवर. कमलाचा बाप म्हनले, डोकं फिरलं का, नवीन जमिनीच्या मालकाची सून मजुरीन, लोक काय म्हनतीन. मी म्हनलं, लोक माझ्या मायले जेवाले वाढत नाई. सासूबाई तं रडाले लागल्या. मामाजी ओसरीत होते. त्याईनं आतल्या बाजूनं न पाहता म्हनलं, उतरू द्या. अन् थोड्या वेळानं म्हनलं, मापात हात आखडू नका, सैलही सोडू नका, बाकीच्याले जसं तसंच.

तं मी उतरली. मले रोवना येये, मायनंच शिकवला होता, पन किती सालानं उतरली होती, कंबर धरून आली, बोटाच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. बाया पहिल्या दिवशी बोलल्याच नाई माझ्याशी, दुसऱ्या दिवशी गानं म्हनताना मले मध्ये घेतलं. कमलाचा बाप ट्रॅक्टरवर, मी चिखलात, ते माझ्याकडे पाहत नोते. संध्याकाळी मी रांगेत उभी राहे, शेवटी. माप त्याईच्या हातात. पहिल्या दिवशी त्याईनं माझ्या पदरात पायली ओतली अन् वरून एक मूठ टाकली. मी ती मूठ काढून परत ढिगात टाकली. रांगेतल्या साऱ्या बायाईनं पाह्यलं. मंग कधी टाकली नाई त्याईनं.

रोवना संपला तवा माझं पोतं भरलं. ते घेऊन मी सोता गेली आमगावले. मायनं इचारलं, कोनत्या बांधीचं. मी म्हनलं, मजुरीचं, माझं. तिले पटलं नाई, कमलाच्या बापानं शिकवून पाठवलं असन असं तिले वाटलं. मंग तिनं माझे पाय पाह्यले. पाय पुढं कर म्हने. बेचक्यातल्या चिखल्या पाह्यल्या, बोटं उघडून उघडून पाह्यली, रोवना करनाऱ्या बाईले त्या कोनी सांगा लागत नाई. तेल गरम करून लावलं. अन् मंग चुलीवर भात ठेवला, दोघीचा. मी तिले जेवताना पाहत बसली. त्या वखती मले वाटलं का, माय बाई तुझी ही कडक रीत, मी हिच्यासाठी चिखलात उतरली, सासरी मान घालवला, अन् तू आता कशी गपागप जेवून राहिली. राग येत होता अन् बरंही वाटत होतं.

असं मी तीन रोवने केले. तिकडे माझ्या बांधीत तलावाचा गाळ आनून टाकला, हेले फिरवले, दरसाल पानी थोडं जास्त थांबे. चौथ्या सालात थांबलं, काठोकाठ थांबलं. पन माय त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच गेली. त्या बांधीचं धान निघालं तवा कमलाच्या बापानं इचारलं, हे वेगळं ठेवू का. मी म्हनलं, कोनासाठी. घरच्या खळ्यातच जाऊ द्या. त्या दिवशी मी रडली, मायच्या मयतीत रडली नाई तेवढी. लपवाचं काय त्यात.

राखडी लगित सालं चालला. मामाजी गेले, कमलाचा बाप गेले, जमिनीच्या वाटन्या झाल्या, आता तं तिकडे धुरे काढून बांध्या मोठ्या करून राहिले, मोठे मोठे ट्रॅक्टर चालतात, चाकाले लोखंडी पिंजरे लावून. चांगलं आहे. कोनाच्या कमरा मोडत नाई.

मी मागच्या सालापासून इथं दवनीवाड्याले आहे, कमलाकडे. पोरं तिकडे आहेत पन मी पडली, अन् सेवा करनारी लेकच. आली तवा संग एक पोतं आनलं होतं, माझ्या वाट्याच्या बांधीचं, मले वाटलं आपलं आपलं खाऊ, मायच्या पोटची आहे शेवटी. कमलानं इचारलं हे काय आहे. मी सांगतलं. तिनं ते पोतं माझ्यासमोर उचललं, तिच्या सासरच्या भरल्या कोठीत उलटं केलं, काठीनं वरखाली केलं अन् म्हने, आता शोध तुझे दाने. मी कुठं शोधू बाप्पा या वयात. लेक वाढून राहिली अन् मी खाऊन राहिली.